लोकमान्यांचा शेवटचा ताप

१ ऑगस्ट हा लोकमान्य टिळकांचा स्मृतिदिन. शाळाशाळांतून या दिवशी भाषणे होतात. शेंगांची टरफले, केसरीचे अग्रलेख, मंडालेचा तुरुंग, गणेशोत्सव हे सारे विद्यार्थ्यांना पाठ असते. टिळक कोणत्या आजाराने गेले, हे मात्र मोठ्यांनाही चटकन सांगता येत नाही. ते न्यूमोनियाने गेले. वय ६४, अंगात जुना मधुमेह, विश्रांतीची सवय नाही आणि ऐन पावसाळ्यात आलेला, आधी साधा वाटलेला ताप. रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातल्या अनेक घरांत या चारही गोष्टी आज एकत्र सापडतात. म्हणून टिळकांचे चरित्र एकदा त्यांच्या प्रकृतीच्या बाजूनेही वाचायला हवे.

कमावलेले शरीर

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. आई लहानपणीच गेली, सोळाव्या वर्षी वडीलही गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा हा मुलगा अंगाने किरकोळ होता. बुद्धी तल्लख, पण शरीर साथ देईना. तेव्हा टिळकांनी कॉलेजचे पहिले वर्ष चक्क व्यायामाला दिले. कुस्ती, पोहणे, नाव वल्हवणे आणि भरपूर खाणे असा त्यांचा क्रम होता. त्या वर्षी परीक्षेकडे दुर्लक्ष झाले, पण शरीर कमावले गेले. पुढच्या चाळीस वर्षांचे कष्ट त्यांनी याच भांडवलावर सोसले.

पुढे १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये केसरी व मराठा, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज असा कामाचा व्याप वाढत गेला. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढूनही त्यांच्या प्रकृतीने हार मानली नाही.

प्लेगचे दिवस

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यात पोहोचला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. टिळक पुण्यातच राहिले. त्यांनी रुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला आणि रुग्णांची विचारपूस करण्यासाठी ते स्वतः जात राहिले. साथीत रुग्णाला वेगळे ठेवावे लागते, हे त्यांना मान्य होते. सरकारच्या ज्या पद्धतीने घरे उघडून माणसे ओढून नेली जात होती, तिला त्यांचा विरोध होता. विलगीकरण म्हणजे रुग्णाला टाकून देणे नव्हे, त्याची सेवा करतानाच इतरांना वाचवणे होय. प्लेग, इन्फ्लुएन्झा आणि कोविड या तिन्ही साथींत हा फरक महत्त्वाचा ठरला.

१८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगातल्या अन्नाने त्यांचे वजन फार घटले. १८९८ मध्ये सुटल्यावर शरीर पुन्हा भरून यावे म्हणून ते सिंहगडावर जाऊन राहिले. १९०३ मध्ये थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने दगावला. साथीचा आजार म्हणजे काय, हे टिळकांनी घरातच भोगले होते.

मंडाले आणि मधुमेह

१९०८ मध्ये दुसऱ्यांदा राजद्रोहाचा खटला चालला आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला पाठवण्यात आले. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते आणि त्यांना मधुमेह होता. त्या काळी मधुमेहावर आहार सांभाळण्यापलीकडे खरा उपाय नव्हता. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये आणि पहिल्या रुग्णाला ते टोचले गेले १९२२ च्या जानेवारीत. टिळकांनी तुरुंगात पथ्य पाळले, गीतारहस्य लिहून काढले आणि १९१४ च्या जूनमध्ये ते परतले. मधल्या काळात, १९१२ मध्ये, पत्नी सत्यभामाबाईंचे निधन झाले होते.

बाहेरून पाहणाऱ्याला टिळक पूर्वीसारखेच दिसत होते. पण अनेक वर्षांचा अनियंत्रित मधुमेह शरीराची संरक्षणफळी आतून पोखरत असतो. रक्तात साखर वाढलेली राहिली की जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. साधा संसर्ग लांबतो आणि छातीत उतरण्याची शक्यता वाढते. शिवाय ताप आला की साखर आणखी वाढते. संसर्गाने साखर वाढते आणि साखरेने संसर्ग बळावतो, असे हे चक्र आहे.

१९१८ ची साथ

१९१६ मध्ये बेळगावात टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे तिच्या कार्यक्षेत्रात होते. गोंदिया त्या काळी मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होते. १९१८ च्या सुरुवातीला साठी ओलांडलेले टिळक वऱ्हाड-नागपूर भागात सभांमागून सभा घेत हिंडले.

त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. महायुद्धाच्या जहाजांबरोबर आलेल्या इन्फ्लुएन्झाची ही चाहूल होती. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट भयंकर होती. रेल्वेमार्गांवरून ती देशभर पसरली. तिने भारतात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक बळी घेतल्याचे अंदाज आहेत. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड यांचा मृत्युदर देशात सर्वाधिक असलेल्या प्रांतांमध्ये गणला गेला. मुंबई-कलकत्ता रेल्वेमार्गावरचा हा सारा पट्टा तिच्या तडाख्यात सापडला.

टिळक त्याच सप्टेंबरमध्ये चिरोल खटल्यासाठी मुंबईहून इंग्लंडला निघाले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस लंडनला पोहोचले. त्या वेळी लंडनमध्येही दुसरी लाट शिखरावर होती. दोन खंडांतल्या साथीच्या मधून हा मधुमेही गृहस्थ पार पडला. खटला मात्र ते हरले.

त्या साथीत बहुतेक माणसे विषाणूच्या पहिल्या तडाख्याने मेली नाहीत. नंतर केलेल्या तपासण्यांतून दिसले की मृत्यूंमागे मुख्यतः न्यूमोनिया होता. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर अतिशय बारीक तंतू असतात. ते धूळ आणि जंतू वर ढकलून बाहेर काढतात. इन्फ्लुएन्झाचा विषाणू हे अस्तर सोलून काढतो. झाडू मारणारेच गेले की घशात एरवी गुपचूप राहणारे जिवाणू फुप्फुसांत उतरतात. म्हणून फ्लूचा ताप दोन-तीन दिवस उतरून पुन्हा चढला, खोकल्याबरोबर पिवळा-हिरवा किंवा रक्ताचा बेडका पडू लागला, एका बाजूला छातीत कळ येऊ लागली, तर तो फ्लूचा राहिलेला भाग समजू नये. तो नवा आणि गंभीर आजार असतो.

जुलै १९२०

१९१९ च्या नोव्हेंबरात टिळक मायदेशी परतले. विश्रांती नव्हतीच. डिसेंबरात अमृतसरचे काँग्रेस अधिवेशन झाले, मग पुढच्या निवडणुकांसाठी पक्षाची बांधणी आणि दौरे सुरू झाले. १९२० च्या जुलैत ते मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरले होते. २० जुलैला दिवाण चमनलाल यांच्याबरोबर ते मोटारीतून फेरफटका मारायला गेले. परतल्यावर थंडी वाजून ताप भरला. सुरुवातीला तो हिवताप समजला गेला. २३ तारखेला त्यांना ६४ वर्षे पूर्ण झाली. ताप हटला नाही आणि पुढे न्यूमोनियाचे निदान झाले. शेवटच्या दिवसांत ग्लानी आली आणि त्या ग्लानीतही ते राजकारणाविषयीच बोलत होते. हृदय थकत गेले. ३१ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर, १ ऑगस्टला पहाटेआधी पाऊण वाजण्याच्या सुमारास, त्यांचे प्राण गेले. मुंबईत भर पावसात लाखोंच्या गर्दीने त्यांना गिरगाव चौपाटीवर निरोप दिला.

मोटारीत वारा लागला म्हणून लोकमान्यांना न्यूमोनिया झाला, अशी समजूत पुष्कळांची होती. आजही पावसात भिजल्याने, चिखलात उभे राहिल्याने न्यूमोनिया होतो असे घरोघर मानले जाते. वैद्यकाच्या नजरेने क्रम बहुधा उलटा असतो. संसर्ग आधीच शरीरात शिरलेला असतो. तापाच्या सुरुवातीला मेंदू शरीराचे ठरलेले तापमान वर सरकवतो, म्हणून माणसाला एकदम थंडी वाजते आणि नेहमीची हवाही बोचरी वाटते. वारा बाधला असे वाटते, पण ती हुडहुडी आजाराची पहिली खूण असते. भिजल्याने आणि थकव्याने प्रतिकार थोडा कमी होत असेलही, पण आजार येतो तो माणसाकडून माणसाकडे, खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून, बंद खोलीतल्या हवेतून आणि हातांवाटे.

टिळकांच्या न्यूमोनियाची सुरुवात कोणत्या जंतूने केली, हे तेव्हा ठरवणे शक्यच नव्हते. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला १९३३ मध्ये. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये. मुंबईतले उत्तम डॉक्टर उशाशी होते, पण हातात औषध नव्हते. आज औषध आहे. उशीर होतो तो रुग्ण वेळेवर न पोहोचल्यामुळे.

ताप कोणता?

लोकमान्यांच्या बाबतीत पडला तोच प्रश्न आज घराघरांत पडतो. हा हिवताप आहे की छातीचा आजार? काही खुणा उपयोगी पडतात.

साध्या सर्दी-पडशात आधी नाक आणि घसा धरतो. शिंका येतात, नाक वाहते. ताप नसतो किंवा हलका असतो. माणूस कुरकुरत का होईना, कामे करू शकतो. सात ते दहा दिवसांत आराम पडतो. नाकातला शेंबूड पिवळा झाला म्हणजे लगेच अँटिबायोटिक लागते असे नाही.

फ्लू अचानक येतो. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी अंथरुणाला खिळतो. जोराचा ताप, थंडी, अंगदुखी, डोकेदुखी, कोरडा खोकला आणि विलक्षण अशक्तपणा जाणवतो. ताप तीन ते पाच दिवसांत उतरतो. खोकला दोन आठवडे रेंगाळू शकतो.

कोविड आता बहुधा सर्दी किंवा फ्लूसारखाच दिसतो. वास-चव जाणे ही खूण असली तर उपयोगी, पण ती नसली म्हणून कोविड नाही असे म्हणता येत नाही. लक्षणांवरून फ्लू आणि कोविड वेगळे करणे डॉक्टरांनाही जमत नाही, त्यासाठी चाचणीच लागते. घरी घ्यायची काळजी मात्र दोन्हींत सारखीच आहे.

आरएसव्ही हा विषाणू मोठ्यांत सर्दीसारखा असतो. एक वर्षाच्या आतल्या बाळांत तो बारीक श्वासनलिकांत उतरतो. छातीतून शिटीसारखा आवाज येतो, बाळ दूध ओढत नाही, दमते.

मलेरिया आणि डेंग्यूत नाक सहसा वाहत नाही. मलेरियात थंडी, ताप आणि घाम अशी पाळी येते. डेंग्यूत डोळ्यांच्या मागे दुखते, हाडे फुटल्यासारखी वाटतात, अंगावर पुरळ येऊ शकते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यात पावसाळ्यातल्या प्रत्येक तापाला मलेरियाची रक्ततपासणी हवीच. आशाताईंकडे आणि उपकेंद्रात ती होते. ती चाचणी नकारात्मक आली की आजार संपला असे नाही. खोकला आणि दम असेल तर छाती तपासून घ्यावी. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर क्षयरोगासाठी बेडक्याची तपासणी करावी.

घरी काय करावे

विषाणूजन्य सर्दी-फ्लूवर मुख्य औषध विश्रांती हेच आहे. टिळकांना ती उभ्या आयुष्यात फारशी मिळाली नाही. रोवणीच्या हंगामात मजुरी बुडेल या भीतीने तापात चिखलात उतरणाऱ्या बाईलाही ती मिळत नाही. निदान ताप असेपर्यंतचे दोन-तीन दिवस घरच्यांनी तिला सक्तीने घरी ठेवावे. त्यात तिचे आणि रांगेत तिच्याशेजारी वाकणाऱ्या बायांचेही भले आहे.

पाणी, पेज, वरणाचे पाणी, ताक थोडे थोडे वारंवार द्यावे. लघवी फिकट आणि नेहमीइतकी होत असेल तर पाणी पुरेसे आहे. हातपाय गळाले म्हणून सलाईन लावून घेण्याची गरज तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्याला नसते. तापासाठी मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी सहा-सहा तासांच्या अंतराने, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा घ्यावी. यकृताचा आजार असलेल्यांनी आणि नियमित दारू पिणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मुलांना मात्रा वजनावरून ठरते. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. डेंग्यूची शंका असेल तर इतर वेदनाशामक गोळ्याही टाळाव्यात.

कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या घशाला आराम देतात. एक वर्षावरील मुलांना झोपताना चमचाभर मध दिल्यास खोकला कमी होतो. एक वर्षाच्या आत मध कधीही देऊ नये. चिमुकल्यांना वाफ देऊ नये. उकळते पाणी सांडून भाजलेली मुले दरवर्षी रुग्णालयात येतात. नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब टाकले तरी बाळ मोकळा श्वास घेते.

मेडिकल दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या विषाणूवर काहीही करत नाहीत. स्टेरॉइड मिसळलेल्या पुड्या आणि इंजेक्शने ताप लगेच उतरवतात, पण साखर भडकवतात आणि आतला न्यूमोनिया झाकतात. मधुमेह्याला तर त्या जीवघेण्या ठरू शकतात.

रुग्णाला शक्यतो वेगळी खोली द्यावी. एकच खोली असेल तर ओसरीत, हवेशीर जागी अंथरूण घालावे. खिडकी उघडी ठेवावी, चुलीचा धूर टाळावा. रुग्णाने तोंडावर मास्क किंवा रुमाल बांधावा. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हाच मुलाला शाळेत पाठवावे.

कधी थांबू नये

मोठ्या माणसाला बसल्या जागी दम लागणे, मिनिटाला २४ पेक्षा अधिक श्वास, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ पेक्षा कमी दाखवणे, छातीत कळ, ओठ निळसर पडणे, बरळणे किंवा गुंगी येणे, तीन दिवसांनंतरही ताप न हटणे किंवा उतरून पुन्हा चढणे. यांतले एक जरी लक्षण दिसले तरी घरचे उपाय थांबवून रुग्णालय गाठावे. वृद्धांत ताप कधी कधी येतच नाही. नुसते जेवण तुटणे आणि भ्रमिष्टासारखे वागणे हीच न्यूमोनियाची खूण असते.

मुलांचे श्वास शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, एक वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास असतील, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, झटके आले असतील किंवा बाळ दूध पीत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. अशा रुग्णाला ताप आणि छातीत दुखणे एकत्र आले तर फुप्फुसांतला रक्तप्रवाह अडण्याचा धोका असतो. त्याने घरी एक दिवसही काढू नये. गर्भवती, साठीपुढचे, हृदय, मूत्रपिंड किंवा दम्याचे रुग्ण यांनी फ्लूची शंका येताच पहिल्या ४८ तासांत डॉक्टरांना दाखवावे. त्या वेळेत सुरू केलेले ओसेल्टामिविर अधिक गुणकारी ठरते. मधुमेह्यांनी आजारपणात जेवण कमी झाले म्हणून आपल्या मनाने इन्सुलिन बंद करू नये. साखर रोज तपासावी आणि गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारावे.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. वृद्ध आणि मधुमेही यांनी न्यूमोनियाच्या लशीबाबतही डॉक्टरांशी बोलावे. बालकांसाठी न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात मोफत आहे.

टिळकांच्या काळात इन्सुलिन नव्हते, पेनिसिलिन नव्हते, लस नव्हती आणि विषाणू कोणाला ठाऊक नव्हता. आज तालुक्याच्या रुग्णालयात मधुमेह्याची साखर मोजता येते, ऑक्सिजन मिळतो, अँटिबायोटिक मिळते. चौसष्टीतल्या मधुमेही माणसाला थंडी वाजून ताप आला, तर त्याने वाऱ्याला दोष देत आठ दिवस काढण्याचे कारण उरलेले नाही. पहिल्या दोन दिवसांत त्याची साखर, श्वास आणि छाती तपासली गेली, तर बहुतेकदा तो पुन्हा धानाच्या बांधावर उभा राहतो.